ठसका आणि पदर : सुलोचना चव्हाण ऐकताना

कोल्हापुरातल्या लग्नाच्या वरातीत बेंजोवाले तिसऱ्या-चौथ्या गाण्याला ‘लवंगी मिरची’वर येतातच. शब्द नसतात, नुसती चाल असते, तरी वरातीतल्या प्रत्येकाचे ओठ हलत असतात. नवऱ्या मुलाचा मामा हातरुमाल दातात धरून मधे येतो, मागून कुणीतरी शिट्टी मारतं. चालीत जिथं गावाचं नाव येतं बरोबर तिथं, दोन हजार सालानंतर जन्मलेली पोरंही हात वर करून ओरडतात. गाव आपलंच आहे ना.

अशाच एका वरातीत शेजारी उभ्या असलेल्या मावसभावानं विचारलं, “हे म्हटलंय कुणी रे?” मी म्हटलं, सुलोचना चव्हाण. “आपल्या कोल्हापूरच्याच ना?” मी म्हटलं, नाही, गिरगावच्या. मुंबईत जन्मलेल्या. तांबडा रस्सा मूळचा पुण्याचा आहे असं मी म्हणालो असतो तर त्यानं जसं बघितलं असतं, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

सुलोचना कदम हे त्यांचं माहेरचं नाव. १३ मार्च १९३३ ला मुंबईत जन्म, गिरगावातल्या फणसवाडीत बालपण. १० डिसेंबर २०२२ ला मुंबईतच त्या गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. तेव्हा माझ्या फोनवर एकामागून एक मृत्युलेख येत होते आणि बहुतेकांत एकच वाक्य थोड्याफार फरकानं होतं. आवाज ठसकेबाज, पण डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. कुणी तेच जरा सजवून लिहिलं होतं, कुणी मथळ्यातच घातलं होतं. मी ते वाक्य त्या दिवशी इतक्यांदा वाचलं की त्यातला ‘पण’ मला टोचायला लागला. ठसका आणि पदर यांच्या मधे ‘पण’ कशाला हवा? तो तिथं कुणी ठेवला, आणि त्यानं नक्की कुणाला बाहेर ठेवलं?

लेखात पुढं सगळा विचार या ‘पण’चाच आहे, पण आधी जरा लांब जाऊन येतो. माझी एक मैत्रीण साल्सा नाचायला शिकते. तिच्यामुळं माझ्या फोनमध्ये सेलिया क्रूझ आली. ही हवानाची, १९२५ ची. वडिलांना वाटायचं पोरीनं शिक्षिका व्हावं, कारण रात्रीच्या कार्यक्रमांत गाणारी बाई म्हणजे काय ते तिथंही ठरलेलं होतं. १९५० मध्ये ती ‘सोनोरा मातान्सेरा’ या नावाजलेल्या वाद्यवृंदात गायला लागली. १९६० मध्ये क्युबाबाहेर दौऱ्यावर गेली, आणि कास्त्रोच्या सरकारनं तिला परत येऊ दिलं नाही, आईच्या अंत्यविधीलासुद्धा. पुढं न्यूयॉर्कमध्ये जॉनी पाचेकोच्या साथीनं तिनं साल्सा गाजवला. ‘साल्सा’ हा शब्द तसा कंपनीनं लावलेलं लेबल. आत होतं ते क्युबातलं जुनं सोन, रुंबा, आणि स्थलांतरितांच्या वस्तीतली करमणूक. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे चटणी, रस्सा. गाता गाता मधेच सेलिया एक आरोळी ठोकायची, ‘असूकार!’ म्हणजे साखर. तिकडं राणीची आरोळी साखर आणि इकडं सम्राज्ञीची ओळख मिरची. दोन्ही आमच्या जिल्ह्यात पिकतात, एवढं मी मैत्रिणीला सांगितलं. तिला ते फार विनोदी वाटलं नाही.

पण एक गोष्ट मला सेलियामुळं दिसली. साल्सा नाचायचं संगीत. त्यातली बरीच गाणी लाडिक, कमरेला हात घालणारी. गाणारी बाई मात्र घरंदाज संसार केलेली, एका नवऱ्याची, भडक कपड्यांची तरी चारित्र्याबद्दल कुणी बोट दाखवू न शकलेली. तिच्या चाहत्यांनाही ही गोष्ट अभिमानानं सांगायला आवडते. म्हणजे ‘पण’ फक्त आमच्याकडंच आहे असं नाही.

आता गिरगावात परत. सुलोचनाबाईंनी कुणा बुवांपुढं बसून गाण्याची तालीम घेतली नव्हती. गणेशोत्सवातल्या बालमेळ्यात काम, घरी ग्रामोफोन आणि त्यावर ऐकून ऐकून बसवलेली गाणी. शाळकरी वयातच हिंदी सिनेमाचं पार्श्वगायन सुरू झालं. सुलोचना कदम या नावानं त्या हिंदीत बरंच गायल्या. १९५१ च्या एका हिंदी सिनेमात श्यामसुंदर यांच्या संगीतात त्यांची गाणी आहेत आणि त्या सिनेमाचं नावच ‘ढोलक’ आहे. नियतीला विनोद कळतो असं अशा वेळी म्हणायचं असतं. ती गाणी आज फोनवर सहज सापडतात. ऐका. मोकळा, पुढं येणारा, दाण्यादाण्यानं पडणारा आवाज. त्या काळात हिंदी सिनेमाला बारीक, रेशमी आवाजाची चटक लागत होती आणि मोकळ्या गळ्याच्या गायिका हळूहळू कडेला जात होत्या. माझा अंदाज असा की हिंदीला जो आवाज पुढं फारसा लागणार नव्हता, तोच मराठी लावणीला हवा होता.

मराठीत त्यांची पहिली लावणी आचार्य अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या सिनेमात आली. संगीत वसंत देसाईंचं, पडद्यावर हंसा वाडकर. पुढं ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवीही अत्र्यांनीच दिली. दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं आणि लावणीतला शब्द कसा टाकायचा हे आपण नवऱ्याकडून शिकलो, तेच आपले गुरू, असं बाई आयुष्यभर सांगत राहिल्या. या गोष्टीकडं मी पुन्हा येणार आहे.

मग १९६२. राजा ठाकूर यांचा ‘रंगल्या रात्री अशा’. संगीतकार वसंत पवार. गीत लिहायला एक शाळामास्तर, जगदीश खेबूडकर, कोल्हापूर जिल्ह्यातले, बाईंपेक्षा वर्षभरानं मोठे. सिनेमासाठी लिहिलेली त्यांची ही पहिली लावणी. दोघंही तिशीच्या आसपास. मास्तर लिहितो आणि गिरगावची संसारी बाई गाते, आणि त्यातून कोल्हापूरची ती तिखट पोरगी जन्माला येते जी त्याआधी कुठंच नव्हती. आज आमच्या शहराची जी ओळख सगळ्या महाराष्ट्रात आहे, चप्पल, साज, रस्सा, तालीम आणि जिभेचा फटका, त्यातला जिभेचा भाग बराचसा या तीन-साडेतीन मिनिटांनी पक्का केला. आम्ही त्या गाण्यासारखं बोलायला लागलो की गाणं आमच्यासारखं होतं, हे आता सांगता येणार नाही.

गाण्यात नक्की घडतं काय? बाई नाव-गाव विचारणाऱ्याला झटकते आणि झटकता झटकता गाव सांगूनही टाकते. नकार आणि पत्ता एकाच दमात. कागदावर ही नुसती गंमत आहे. सुलोचनाबाई त्यातला नकार खरा करतात. त्यांच्या गाण्यात ओळीचा शेवट ऐकण्यासारखा असतो. दुसरी गायिका जिथं सूर लांबवून ऐकणाऱ्याला जवळ ओढेल, तिथं या ओळ तोडतात. शब्द पडला, संपला, आता तू बघ. व्यंजनं कडक, टपोरी. एखादी लहानशी मुरकी येते ती ओठाच्या कोपऱ्यात हसू यावं तशी, आणि लगेच जाते. ढोलकी मागून रेटत असते पण त्या ढोलकीच्या पुढंही पळत नाहीत आणि मागंही राहत नाहीत. ढोलकीच्या थापेइतकाच त्यांचा शब्द कोरडा आणि नेमका असतो. ‘हो’, ‘बाई’, ‘गं’ असली जी भरीची अक्षरं लावणीत असतात, जी आपण गुणगुणताना खाऊन टाकतो, त्यांत तर त्यांचा सगळा नखरा साठलेला असतो. एका ‘हो’मध्ये समोरच्याला मान देऊन त्याची किंमत शून्य करता येते हे मी त्यांच्याकडून शिकलो. प्रत्यक्ष आयुष्यात मला ते अजून जमलेलं नाही.

याला आपण ठसका म्हणतो. शब्द चांगला आहे. मिरच्या भाजताना शेजारच्या घरालाही लागतो तो ठसका, आणि बाईच्या बोलण्यातला तोही ठसकाच. आमच्याकडं उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करतात तेव्हा रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी असा हिशेब असतो. लवंगी बिचारी बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर मसाला होत नाही. ती फक्त चावणाऱ्याला कळते. खेबूडकरांनी हे बरोबर हेरलं होतं. सुलोचनाबाईंच्या आवाजाला रंग आहेच, पण तो दिसायला फार नाही. चावल्यावर कळतो.

तुलना केल्याशिवाय हे नीट दिसत नाही, म्हणून आणखी एक गाणं. १९६४ चा भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’. त्यातली ‘रेशमाच्या रेघांनी’ शांता शेळक्यांची. संगीत आनंदघन यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. आवाज आशा भोसल्यांचा. अप्रतिम लावणी, मी कुणाशीही भांडायला तयार आहे. त्यात आशाबाई शब्दाला गोंजारतात, वळवतात, सोडतात, पुन्हा पकडतात. तक्रारसुद्धा लडिवाळ होते. ऐकणाऱ्याला वाटतं, हे माझ्याशी चाललंय. त्याच वर्षीच्या अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका’मध्ये सुलोचनाबाईंचं ‘सोळावं वरीस’ आहे. पुन्हा खेबूडकर, पुन्हा वसंत पवार, पडद्यावर जयश्री गडकर. विषय काय, तर वयात येण्याची भीती आणि मजा. यात लाडिक व्हायला सगळी मोकळीक होती. सुलोचनाबाई मात्र ते जवळपास बातमी दिल्यासारखं गातात. पोरीला धोका आहे हे गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर होतं, आणि मग गावच जरा खजील होतं. आशाबाई ऐकणाऱ्याला आत घेतात, सुलोचनाबाई त्याला उंबऱ्यावर उभा ठेवतात. मोठं कोण हा प्रश्नच नाही. पण लावणी मुळात बसलेल्या पुरुषांसमोर उभ्या राहिलेल्या बाईचं गाणं आहे हे जर लक्षात ठेवलं, तर उंबऱ्यावर उभं ठेवण्याला वेगळंच वजन येतं.

आता पदराकडं.

सिनेमातली लावणी म्हणजे तीन बायकांचा व्यवहार. पहिली पडद्यावर नाचते, तिचं शरीर दिसतं. दुसरी स्टुडिओत माइकसमोर उभी असते, तिचा आवाज ऐकू येतो. तिसरी तमाशाच्या फडात असते. चाळ तिचे, अदा तिची, नऊवारी नेसायची पद्धत तिची, चालीही बऱ्याच तिच्याच घरातून आलेल्या. ती मात्र ना पडद्यावर असते, ना माइकसमोर. अपवाद सापडतील, नियम हाच. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, मग तो ‘सुधारून’ परवानगीनं सुरू झाला. जवळपास त्याच काळात, १९४७ मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा सिनेमा आला आणि लावणी थिएटरात मध्यमवर्गासमोर प्रतिष्ठेनं बसली. १९५९ च्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’नं पुण्यात एकाच थिएटरात शंभराहून जास्त आठवडे मुक्काम ठोकला, आणि मग तमाशापटांची रांग लागली. मानेही आमच्या कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून ‘प्रभात’ची सुरुवात आणि भालजींच्या जयप्रभापर्यंत, सिनेमा कसा बनवायचा हे या गावाला ठाऊक होतं. तमाशा कसा सिनेमात आणायचा हेही त्यानं शिकून घेतलं. फडातली बाई मात्र फडातच राहिली.

शर्मिला रेगे या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात लावणी करणाऱ्या स्त्रियांवर लिहिलं. लावणीतल्या शृंगारावर मालकी कुणाची आणि तो सोसावा कुणी लागतो, जात यात कुठं येते, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. ते वाचल्यावर मृत्युलेखातला ‘पण’ निरागस वाटेनासा होतो. ठसकेबाज पण सोज्वळ, असं आपण जेव्हा म्हणतो तेव्हा न उच्चारता दुसऱ्या कुणालातरी असोज्वळ म्हणत असतो. आणि ती दुसरी नेहमी तीच तिसरी बाई असते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या, असं सांगतात. ही गोष्ट आपण शौर्यकथेसारखी पुढं पाठवतो. पण नऊ महिन्यांच्या बाईला नाचायला का लागलं, आणि समोर बसलेल्यांना ते बघवलं कसं, हे विचारत नाही. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात ओढगस्त होती. वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. त्यांच्या पदराबद्दल कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या बाबतीत तो प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं.

मग काय, सुलोचनाबाईंनी पदर घ्यायला नको होता? असं म्हणणं मला सोपं आणि जरा उद्धट वाटतं. पन्नास-साठच्या दशकातली लग्न झालेली बाई. गावोगावच्या हॉलमध्ये, मैदानात, बहुतेक पुरुषांनी भरलेल्या गर्दीसमोर उभी राहून ती असे शब्द गाणार जे त्या गर्दीतला कुणीही आपल्या घरात म्हणू देणार नाही. तिच्यापाशी चिलखत काय होतं? डोक्यावरचा पदर. हात फार हलवायचे नाहीत, कंबर नाही, डोळा नाही. जे करायचं ते गळ्यानं करायचं. हे बंधन होतं आणि तिनं त्यातून पद्धत तयार केली, असं मला ऐकताना वाटतं. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नसेल तर सगळा अभिनय शब्दाच्या कडेवर येतो. त्यांच्या व्यंजनांतला तो करकरीतपणा, तो तोडलेला शेवट, याचं एक मूळ त्या पदरात असेल. आवाजानं पदराचा पुरेपूर वापर केला. तो पदर ही त्या आवाजाची माफी आहे असं समजून आपण तो डोक्यावर घेऊन नाचलो, ही चूक आपली.

याचा पुरावा म्हणून मी १९६५ च्या ‘मल्हारी मार्तंड’मधली जरतारी मोराची लावणी ऐकवेन. गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल. विषयच पदर. बाईला पदरावर मोर हवाय. वरवर साधी साडीची हौस. सुलोचनाबाई ती हौस अशी गातात की मागणारी बाई याचक वाटतच नाही. ती हिशेब मांडून बसलीय आणि समोरच्याला आज काही ना काही द्यावं लागणार आहे. स्वतःच्या डोक्यावर पदर घट्ट धरून ही बाई पदराच्या गाण्यात इतकी मोकळी आहे की त्या ‘पण’ला तिथं उभं राहायला जागाच उरत नाही. माफी मागणारा आवाज असा नसतो.

नवरा गुरू, ही गोष्ट आता. मी ती खोटी म्हणत नाही. लग्नानंतर चव्हाणांनी शब्दाची फेक शिकवली असणार, दिग्दर्शकाला ते दिसतं. तरी ‘ढोलक’ची गाणी आणि नंतरच्या लावण्या एकामागून एक ऐकल्या की आवाजाचा पाया आधीचाच आहे हे कानाला कळतं. फणसवाडीतल्या ग्रामोफोनपाशी बसलेली मुलगी स्वतःची गुरू होती याचं श्रेय तिनं कधी नीट घेतलं नाही. लावणी गाणाऱ्या बाईनं ‘मी नवऱ्याकडून शिकले’ म्हणणं हाही एक पदरच, आणि तोही तिला हवा होता. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘माझं गाणं... माझं जगणं!’ असं आहे. दोन्हीकडं ‘माझं’ आहे, हे मला आवडतं.

त्यांची एक बाजू वरातीत कधीच येत नाही. ‘कळीदार कपूरी पान’ ही राजा बढे यांची, श्रीनिवास खळ्यांच्या संगीतातली लावणी. सिनेमातली नाही. इथं लय खाली बसलेली, बैठकीची. पान करून देणं एवढाच प्रसंग. खळ्यांची चाल अवघड वळणांची, तालीम न घेतलेल्या गळ्याला ती पेलायला नको होती. त्या ती अशी गातात की अवघडपणा ऐकू येत नाही, चुन्याचं बोट तेवढं दिसतं. इथं ठसका जवळजवळ नाही. आहे ती निवांत, जाणती जवळीक. आशाबाई लडिवाळ आणि सुलोचनाबाई तिखट अशी जी वाटणी मी वर केली ती या एका गाण्यापुढं टिकत नाही, हे मला मान्य करावं लागेल. हेडफोन लावून रात्री ऐका. फोनच्या स्पीकरवर हे गाणं वाया जातं.

सगळंच असं उंचीचं नाही. पुढच्या काळात तमाशापटांचा साचा झाला, द्व्यर्थी शब्द स्वस्त झाले, आणि त्यांच्या वाट्यालाही अशी गाणी आली ज्यांत शब्द फेकण्याच्या लायकीचे नव्हते. त्या तेही तितक्याच नेमकेपणानं फेकतात. कधीकधी त्यामुळं गाण्याचा हलकेपणा आणखी उघडा पडतो. चांगल्या कंदिलाखाली वाईट अक्षर जास्त दिसावं तसं. त्यांची भरमसाट गाणी एका यादीत टाकून ‘टॉप पन्नास’ लावलं तर दहाव्या गाण्यानंतर कान थकतो, हा माझा अनुभव आहे. चार-पाच निवडा आणि तीच ऐका.

परवा मावसभावाचा मेसेज आला. त्यानं सगळं शोधून काढलं होतं, गिरगाव, फणसवाडी, अत्रे, पद्मश्री. ढोलकीवादक विजय चव्हाण हे त्यांचे चिरंजीव, नट विजय चव्हाण वेगळे, हेही त्यानं मला वर शिकवलं. शेवटी लिहिलं होतं, “जन्म मुंबईचा असंल. पण आवाज बघ की आमचाच हाय.” त्याखाली एक व्हिडिओ. कुठल्यातरी जुन्या कार्यक्रमाचा, रंग उडालेला. पोक्त वयाची बाई, डोक्यावर पदर, माइकपाशी सरळ उभी. मागं ढोलकी सुरू होते. गर्दीतून शिट्टी येते. ती शिट्टीकडं बघतसुद्धा नाही, एक श्वास घेते, आणि पहिला शब्द टाकते. शिट्टी बंद.